ऑफ तास

तीनची मीटिंग रद्द झाल्याचा निरोप परवा दुपारी मोबाइलवर आला आणि पोटात हलकीशी उडी पडली. मीटिंग काही मोठी नव्हती. काम उद्यावर ढकललं गेलं होतं इतकंच, कमी झालं नव्हतं. तरी मी लॅपटॉप मिटला, पाय लांब केले आणि एकदम नववी ब मध्ये जाऊन बसलो.

ऑफ तास! आमचं गाव लोणंद-फलटणच्या पट्ट्यातलं, पालखीच्या वाटेवरचं. हायस्कूल एकमजली, वर पत्रा, घंटा म्हणजे रुळाचा लोंबता तुकडा. तास संपल्याचे टोले पडले की आधीचे सर खडू खिशात टाकून जायचे आणि पुढची पाच मिनिटं फार नाजूक असायची. व्हरांड्यात कोण दिसतंय याकडे खिडकीजवळच्या पोरांचं लक्ष. कोणी मोठ्याने बोलायचं नाही, कारण आवाज झाला तर शेजारच्या वर्गावरचे सर डोकावणार आणि मग ऑफिसात कळणार. साठ पोरं स्वतःहून गप्प बसल्याचं मी आयुष्यात फक्त त्या पाच मिनिटांत पाहिलं. आणि नेमका त्याच वेळी पहिल्या बाकावरचा एक हुशार प्राणी उठून म्हणायचा, "मी बोलावून आणू का सरांना?" असा एकेक प्रत्येक वर्गात असतोच. आमचा पुढे सीए झाला.

पाच मिनिटं सरली की मात्र कोणाच्या बापाचं ऐकायचं नाही. मॉनिटर फळ्यावर 'बोलणाऱ्यांची नावे' लिहायला घ्यायचा. एकदा बोललं की नाव, पुन्हा बोललं की पुढे फुली. काही नावांपुढे फुल्यांची रांग लागून फळा संपायचा, तर काही नावं मधल्या सुट्टीतल्या बोरकुटाच्या पुडीवर पुसली जायची. मुलींच्या बाजूला गाण्याच्या भेंड्या सुरू. त्यात मुलं नेहमी हरायची, कारण मुलांना फक्त धृपदं पाठ. आवाज वाढत वाढत एका ठरावीक उंचीवर पोचला की दारात हेडसर. दुसऱ्या गावांत म्हणे मासळीबाजार विचारतात. आमचे हेडसर विचारायचे, "कांद्याचा लिलाव चाललाय का इथं?"

मग बदली तासांची वही निघायची. ही वही पर्यवेक्षकांच्या टेबलावर असे. कोण रजेवर, त्याच्या तासाला कोण जाणार, हे त्यात लिहून शिपाईमामा ती शिक्षकखोलीत फिरवायचे आणि ज्याचं नाव त्याने सही करायची. सही करतानाचा चेहरा मी एकदा वह्यांचा गठ्ठा पोचवायला गेलो असताना पाहिला आहे. बाईंनी नुकताच चहाचा कप हातात घेतला होता.

माझं एक जुनं मत आहे, ते कोणाला पटत नाही. शिक्षक खरा कळतो तो दुसऱ्याच्या तासाला आल्यावर. स्वतःच्या विषयात तो धड्याला बांधलेला असतो. पोर्शन, चाचणी, घटक, गृहपाठ. ऑफ तासाला त्याच्याकडे काहीच नसतं, आणि मग आतलं जे असेल ते बाहेर येतं. इंग्रजीचे सर कर्तरी-कर्मणी प्रयोग बदलायला लावताना अगदी कोरडे वाटायचे. गणिताच्या ऑफ तासाला आले की टेबलावर बसून गरवा कांदा चाळीत कसा टिकवायचा ते सांगायचे, आणि त्यांचे डोळे लकाकायचे. चित्रकलेचे सर 'पावसातला बसस्टॉप' असं स्मरणचित्र देऊन स्वतः खिडकीत उभे राहत. संस्कृतच्या बाई दुसऱ्या तुकडीचे पेपर आणायच्या आणि चार विश्वासू मुलींना बेरीज करायला द्यायच्या. अ तुकडीतल्या कोणाला किती पडले हे त्या दिवशी गावाला बाईंच्या आधी कळायचं. पीटीचे सर आले की वाटायचं आता मैदान, तर ते म्हणायचे "मान खाली, हात बाकावर" आणि स्वतः डुलकी काढायचे. तेही आतलंच म्हणायचं.

पावसाळ्यात सगळ्या शाळेलाच एक भलामोठा ऑफ तास मिळे. माउलींची पालखी नीरास्नान करून आमच्या बाजूला उतरली की वर्गखोल्या दिंड्यांना. दोन दिवसांनी परत यावं तर बाकांवर बुक्का, फळ्यावर 'रामकृष्णहरी', आणि ते पुसायचं कोणी यावरून मॉनिटरची पंचाईत.

पण खरा हंगाम आला तो फेब्रुवारी २००१ मध्ये. जनगणना! ९ तारखेपासून २८ पर्यंत निम्मी शिक्षकखोली गावात आणि वाड्यावस्त्यांवर फिरत होती. वहीत सह्यांना जागा पुरेना, तेव्हा दोन-दोन तुकड्या एका खोलीत कोंबल्या. एका बाकावर पाच. आमच्या गणिताच्या सरांनाही काम लागलं होतं. ते सकाळी वस्तीवर जाऊन दुपारी शाळेत यायचे, चपला धुळीने पांढऱ्या. एके दिवशी भूगोलाच्या बदली आले, खडू घेतला आणि काही न बोलता फळ्यावर लिहिलं :

'थोरला भूकंपाच्या वेळी पोटात होता. तर आज त्याचे वय किती?'

एका म्हातारीने त्यांना सकाळी हेच सांगितलं होतं. वय विचारलं की आमच्याकडच्या जुन्या बायका साल सांगत नसत, गावावर काय गुदरलं होतं ते सांगत. भूकंप म्हणजे कोयनेचा, हे सातारा जिल्ह्यात समजावून सांगावं लागत नाही. ११ डिसेंबर १९६७, पहाटेची वेळ. सगळ्यांनी वजाबाकी केली आणि मागून आवाज आला, तेहेतीस. लगेच दुसरा म्हणाला, बत्तीस. गणतीत पूर्ण झालेली वर्षं धरायची आणि हिशोब १ मार्चचा करायचा, सरांनी सांगितलं. वर्ग सरळ दोन भागांत फुटला. तेवढ्यात मुलींच्या बाजूने एकजण उठली, "सर, कितवा महिना होता?"

मुलांच्या बाकांवर खसखस पिकली. सरांनी डस्टर टेबलावर आपटला. "हसताय काय! सबंध खोलीत गणित हिला एकटीला कळलंय." सात महिने भरले असतील तर तेहेतीस, चौथा-पाचवा असेल तर बत्तीस. मग दुसरं उदाहरण. 'धाकटी दुष्काळात खडी फोडायला नेताना पाठीशी बांधलेली होती.' दुष्काळ म्हणजे बहात्तरचा. पाठीशी बांधतात म्हणजे मूल किती महिन्यांचं, यावर पंधरा मिनिटं चर्चा झाली आणि ती मुख्यतः मुलींनी केली, कारण घरी धाकट्यांना त्याच सांभाळायच्या. कोणी सांगितलं, आमच्या आजीला त्या कामावर खायला मिळणारी सुकडी अजून आठवते. सर फळ्याला पाठ टेकून ऐकत राहिले. वर्षभर त्यांनी आम्हाला समीकरणं शिकवली होती, एका बाजूला क्ष आणि दुसऱ्या बाजूला शून्य. ती मी सोडवली असणार, पास झालो त्या अर्थी. डोक्यात राहिला तो म्हातारीचा थोरला. त्याचं वय शेवटी काय लिहिलं, ते सरांनी सांगितलं नाही.

जनगणनेच्या त्या तीन आठवड्यांत सगळ्यात जास्त वेळा आमच्यावर आले ते मात्र एक तरुण सर. नवे होते, क तुकडीला विज्ञान शिकवायचे. आमच्या वर्गाशी त्यांचा काही संबंध नव्हता. येताना त्यांच्या हातात एक जाड पुस्तक असे, स्पर्धा परीक्षेचं, कोपरे दुमडलेलं. पहिल्या दिवशी त्यांनी ते पहिल्या बाकावर ठेवलं आणि म्हणाले, "तुम्ही मला विचारा."

असं आम्हाला आजवर कोणी म्हटलं नव्हतं. पुस्तक हातोहात फिरू लागलं. ज्याच्याकडे पुस्तक तो उभा राहून विचारणार आणि सर बसून उत्तर देणार. जायकवाडीचा जलाशय? नाथसागर. कोयनेचा? शिवसागर. कळसूबाईची उंची? १६४६ मीटर. भाटघर धरण कोणत्या नदीवर? सर झटकन म्हणाले, नीरा. पुस्तकात होतं वेळवंडी. वर्ग बाकं बडवायला लागला. वास्तविक आमच्या रानातल्या कालव्याला भाटघरचंच पाणी, आणि आमच्यातल्या एकालाही ती नदी माहीत नव्हती. तरी सर चुकले! त्यांनी खिशातून पेन काढून पुस्तकात खूण केली, 'पुढचा विचारा' म्हणाले, आणि मॉनिटरने हळूच फळ्यावर त्यांचं नाव लिहून पुढे एक फुली मारली. सरांना ती दिसली. त्यांनी पुसायला लावली नाही.

क तुकडी विनाअनुदानित होती. म्हणजे तुकडीला सरकारची मान्यता, पण शिक्षकाच्या पगाराला अनुदान नाही. आज ना उद्या मिळेल या आशेवर माणसं त्या काळी पाच-सहा वर्षं शिकवत. पुढेही शिकवत राहिली. आझाद मैदानावर उपोषणाला बसलेल्या अशा शिक्षकांच्या बातम्या अजून येतात. नववीत हे काही आमच्या कानावर नव्हतं. बऱ्याच वर्षांनी एका लग्नात निवृत्त शिपाईमामा भेटले, तेव्हा जिलबी खाता खाता ते सहज म्हणाले, बदली तासांच्या वहीत तुमच्या त्या सरांची सही सगळ्यात जास्त. नाही म्हणायची सोय नव्हती ना. आणि पगारपत्रकात नावच नाही. संस्था दिवाळीला काय हातावर ठेवील तेवढंच.

सर त्या मेमध्ये शाळा सोडून गेले. परीक्षेचं काय झालं, मामांना ठाऊक नाही. आम्हीही कोणाला विचारलं नव्हतं. दहावीचे जादा तास सुरू झाले होते.