भूप, दोन स्वर मागून

शाळेच्या स्मरणिकेसाठी लिही असा मेसेज बॅचच्या ग्रुपवर आला आणि मला गाण्याचे सर सोडून दुसरं काही सुचेचना. बाकीच्या शिक्षकांवर बाकीचे लिहितीलच, मी सरांवरच लिहिणार.

शनिवारचा शेवटचा तास, वरच्या मजल्यावरची ती खोली, सगळ्यांना आठवत असेलच. सर पेटी लगेच उघडायचेच नाहीत. आधी तानपुरा. पंचम म्हणजे प, जोडीच्या सा च्या दोन तारा, मग खर्ज म्हणजे खालचा सा, आणि आपण गप्प बसायचं. काय काय ऐकू येतंय सांगा म्हणायचे. सा आणि प, आम्ही म्हणायचो. अजून ऐका. मग कुणाला तरी गंधार, म्हणजे ग, ऐकू यायचा, जो कुणी छेडलेलाच नसायचा. खर्जाच्या तारेतून तो आपोआप निघतो, स्वयंभू गंधार, पण जवारी, म्हणजे तारा टेकतात त्या घोडीचा घासून साधलेला बाक, नीट लागलेली असेल तरच. गाणं सुरू व्हायच्या आधीच त्याच्याखाली इतकं काही चाललेलं असतं हे मला तेव्हा कळलं.

पण मला सांगायचाय तो आठवीतला प्रसंग. गॅदरिंगची प्रॅक्टिस होती. सरांनी वर्गाचे दोन भाग केले, खिडकीकडचे आणि दाराकडचे. भूप रागाचा साधा आरोह-अवरोह, सा रे ग प ध सां ध प ग रे सा. खिडकीवाल्यांनी सुरू करायचं आणि ते ग वर पोचले की दारावाल्यांनी सा पासून सुरू करायचं, बस एवढंच. आम्हाला वाटलं गोंधळ होणार, पण काय सुंदर वाजलं ते! सा वर ग, रे वर प, ग वर ध, आणि वरच्या वळणावर एक गट उतरतोय एक चढतोय आणि दोघं बरोब्बर ध वर भेटतात, क्षणभर एकच आवाज, की लगेच पुन्हा वेगळे. शेजारच्या वर्गातल्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. मग सर म्हणाले आता एकच स्वर मागून म्हणा, तर सा वर रे येऊन सगळं घासायला लागलं. भूपात म आणि नी नाहीत, त्यामुळे अर्ध्या स्वराचं अंतर कुठेच नाही, आणि दोन स्वर मागून म्हटलं की शेजारशेजारचे स्वरही एकत्र येत नाहीत, म्हणून तो इतका छान जुळतो. हे त्यांनी फळ्यावर एकाखाली एक लिहून दाखवलं होतं.

भजनाच्या वेळी पण तसंच. सगळे ध्रुवपद धरून म्हणत असताना मधेच टाळ थांबवायचे, मग पखवाज, मग पेटी, आणि नुसते आवाज उरले की विचारायचे, काय गेलं? पेटी गाणाऱ्याच्या किंचित मागून तीच चाल थोडी वेगळी करून वाजवते, त्याने गाण्याला भरीवपणा येतो, ती गेली की गाणं उघडं पडतं.

आज मी अंधेरीत एका स्टुडिओत मिक्सिंग करतो, म्हणजे वेगवेगळे रेकॉर्ड केलेले आवाज एका गाण्यात जुळवतो. चाळीस-पन्नास ट्रॅक असतात आणि मी दिवसभर हेच करतो, एकेक म्यूट करून काय गेलं ते ऐकतो. मुंबईत आल्यावर संगीतकार शंकर-जयकिशन यांची गाणी नव्याने ऐकली, त्यांचे अरेंजर, म्हणजे कुठल्या वाद्याने काय वाजवायचं ते ठरवणारे, सेबॅस्टियन डिसूझा गोव्याचे, गायकाच्या मागे व्हायोलिन्स स्वतःचीच वेगळी चाल घेऊन जातात आणि तरी गायकाच्या आड येत नाहीत. इथे त्याला काउंटर म्हणतात. मला ते ऐकताक्षणी ओळखीचं वाटलं कारण दाराकडच्या बाकावर बसून मी ते गायलो होतो. मला कामात जे काही नाव मिळालंय ते सगळं सरांचं आहे.

मागच्या वर्षी एका शाळेच्या गॅदरिंगला गेलो होतो, सगळी गाणी तयार ट्रॅकवर, मुलं माईक हातात धरून स्पीकरवर मात करायला बघत होती, कुणालाच शेजारच्याचा आवाज ऐकू येत नव्हता. फार वाईट वाटलं. मुलं गुणी होती हो.

आपल्या शाळेत तरी तसं होऊ नये. सरांचा तानपुरा अजून तिथेच असेल तर मला कळवा, मिरजेला नेऊन तारा बदलून जवारी काढून आणायचा सगळा खर्च माझा, आणि सुट्टीत पाचवी ते आठवीच्या मुलांना आठवडाभर शिकवायला मी येतो, पहिल्या दिवशी भूपच घेईन.