आमची वाटचाल: कुमासीच्या बाजारातील शिवणसाहित्याची पेढी

घानातील कुमासी शहराच्या मध्यवर्ती बाजारातील विक्रेत्यांना दोरा, चेन, अस्तर, बटणे आणि सुया पुरवणारी आमची घाऊक पेढी माझ्या वडिलांनी सुरू केली. आज ती मी आणि माझी पत्नी चालवतो. मुंबईहून पाठवलेला माल तेमा बंदरात उतरतो आणि तेथून ट्रकने येथे येतो. राजधानी अक्रा सोडून वडिलांनी कुमासी निवडले, कारण उत्तर घाना, बुर्किना फासो आणि आयव्हरी कोस्टकडील व्यापाऱ्यांची येथे कायम ये-जा असते. १९०३ मध्ये येथे रेल्वे पोहोचली, १९२० च्या दशकात दलदल बुजवून हा बाजार उभा राहिला, आणि पुढे रुळांच्या कडेपर्यंत गाळे पसरले.

कुमासी परिसरातील असांते समाजात अंत्यविधीचा मुख्य दिवस बहुधा शनिवार असतो आणि त्यासाठी नातलग एकसारखे कापड घेऊन कपडे शिवतात. शोकाचे रंग काळा व लाल असल्याने या दोन रंगांचा दोरा आणि चेन आमच्याकडे कधीही संपू नये, हा वडिलांचा नियम आम्ही आजही पाळतो.

आमचे बहुतेक ग्राहक म्हणजे बाजारातील बायका आणि व्यवहार मुख्यतः उधारीवर. याम, टोमॅटो अशा शेतमालाच्या विक्रेत्या आपली ‘ओहेम्मा’ म्हणजे प्रमुख निवडतात. तंटे मिटवण्याचे काम तिचे, आणि तिचा शब्द मानला जातो. आमच्या मालाला अशी ओहेम्मा नसली, तरी नव्या बाईला उधार देण्यापूर्वी आम्ही शेजारच्या ज्येष्ठ विक्रेतीला विचारतो. तिने दिलेल्या ग्वाहीला मी कोणत्याही कागदपत्रापेक्षा अधिक मोल देतो.

या नात्याची खरी कसोटी बाजाराच्या पुनर्बांधणीच्या काळात लागली. बाजारालगतच्या केजेतिया भागात २०१५ मध्ये काम सुरू झाले, नवी इमारत २०१९ मध्ये खुली झाली, आणि २०२१ मध्ये लगतचा जुना बाजार पाडण्यास सुरुवात झाली. ग्राहक शहरभर पांगले आणि आमच्या वहीतील गाळ्यांचे पत्ते निरुपयोगी ठरले. तरीही एकीने दुसरीचा ठावठिकाणा सांगितला, आणि कित्येकींनी तर स्वतः येऊन बाकी चुकती केली. त्या बायकांविषयी मला वाटणारा आदर शब्दांत मावणारा नाही.

डिसेंबर २०२२ मध्ये देशातील महागाईचा वार्षिक दर ५४ टक्क्यांवर गेला. सेदी या घानाच्या चलनाची घसरण इतकी झाली होती, की विकलेल्या मालाच्या पैशांत तेवढाच माल पुन्हा मागवता येईना. तेव्हापासून आम्ही उधारीची मुदत कमी केली, मात्र लहान गाळेवालीला परवडावे म्हणून दोऱ्याची पेटी फोडून सुटी रिळे देऊ लागलो. या सुट्या विक्रीत नफा थोडा आणि मेहनत फार आहे, पण ती बंद करण्याचा आमचा विचार नाही.