तिसरा परिच्छेद

१५ ऑगस्ट २०२३ रोजी यवतमाळ जिल्ह्यातील एका कपाशीच्या गावात झेंडावंदनानंतर ग्रामसभा भरली, तेव्हा माझ्या पिशवीत आत्महत्या प्रतिबंधाच्या ठरावाचा दोन पानी मसुदा होता. मी जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात सायकियाट्रिक सोशल वर्कर म्हणून काम करते. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय आत्महत्या प्रतिबंध धोरण जाहीर केले आणि २०३० पर्यंत आत्महत्यांमुळे होणारे मृत्यू दहा टक्क्यांनी कमी करण्याचे उद्दिष्ट ठेवले. त्यातले गावाने काय करायचे हे गावानेच ठरवावे, या हेतूने मी तो मसुदा सभेपुढे ठेवणार होते.

मसुद्यातील तिसरा परिच्छेद मला सर्वांत महत्त्वाचा वाटत होता. कर्जात बुडालेल्या, दीर्घ आजाराने वा व्यसनाने ग्रासलेल्या आणि नुकताच घरातला माणूस गमावलेल्या कुटुंबांची यादी आशाताईंनी, म्हणजे गावच्या आशा स्वयंसेविकेने, करावी, ती ग्रामपंचायतीत ठेवावी आणि तलाठी, कृषी सहायक व पोलीस पाटील यांनी ती दर महिन्याला पाहावी, असे त्यात होते. मी तो वाचून संपवताच आशाताई उभ्या राहिल्या. "मॅडम, यादी मी देत नाही," त्या म्हणाल्या. "कपाटातली यादी चावडीवर पोचाले किती येळ लागते? ज्या घराचं नाव तिच्यात आलं, त्या घरच्या पोरीले मागणं येईन काय?"

यादी गोपनीय राहील, असे मी सांगू लागले होते. तेवढ्यात मागच्या रांगेतील एक बाई बोलल्या. त्यांचे पती पाच वर्षांपूर्वी गेले होते. "माह्या घरी मेल्यावर समदे आले. अदुगर कोनी नोतं आलं," एवढेच त्या म्हणाल्या आणि खाली बसल्या.

यादी या शब्दाची गावाला काय ओळख आहे, हे मला तेव्हा कळले. शेतकरी आत्महत्येनंतर कुटुंबाला एक लाख रुपयांची मदत देण्याची व्यवस्था २००६ च्या शासन निर्णयापासून चालत आली आहे. तीत पंचनामा होतो, सातबारा तपासला जातो, कर्ज होते का आणि वसुलीचा तगादा होता का हे पाहिले जाते, आणि शेवटी समिती प्रकरण पात्र की अपात्र ते ठरवते. मदत आवश्यकच आहे. पण ज्या घराने आपले दुःख कागदोपत्री सिद्ध करून दाखवले आहे, त्या घराला आणखी एका सरकारी यादीत आपले नाव का नको असेल, हे मला मसुदा लिहितानाच सुचायला हवे होते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतो आणि त्याच कायद्याखाली काम करणाऱ्या माझ्या हातून हा परिच्छेद लिहिला गेला होता. मी सर्वांसमक्ष त्यावर काट मारली. आशाताई एरवीही घरोघर जातातच. त्याच भेटीत त्यांनी गेल्या दोन आठवड्यांतील उदासी आणि कामातून उडालेले मन यांविषयी विचारावे, गरज दिसल्यास त्या व्यक्तीच्या संमतीने तिला उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांकडे न्यावे आणि ग्रामपंचायतीला फक्त आकडा कळवावा, असे ठरले.

चौथ्या परिच्छेदावर तासभर चर्चा झाली. ग्रामनिधीतून प्रत्येक घराला कीटकनाशके ठेवण्यासाठी कुलपाची पेटी द्यावी, असे मी सुचवले होते. "चावी कोनापाशी राहीन?" एका वयस्कर शेतकऱ्याने विचारले. "घरच्या कर्त्या मानसापाशीच ना? अन् ज्याच्यासाठी कुलूप लावता, थोच त कर्ता हाये." श्रीलंकेत १८० गावांत अशा पेट्यांची पद्धतशीर चाचणी झाली आणि २०१७ मध्ये आलेल्या निष्कर्षांत पेट्यांमुळे विषप्राशन कमी झाल्याचे दिसले नाही, हे मी वाचलेले होते, तरीही पेट्या मोजता येतात, अहवालात दाखवता येतात, म्हणून मी त्या मसुद्यात ठेवल्या होत्या. मी हे सभेला सांगितले. त्याच श्रीलंकेत अत्यंत विषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आल्यावर आत्महत्यांचे प्रमाण निम्म्याहून अधिक घटले, हेही सांगितले. बंदी ग्रामसभेच्या हातात नाही. तेव्हा तिची मागणी शासनाकडे पाठवण्याचे ठरले. गावाच्या हातात जे होते, ते मात्र लोकांनीच शोधले. फवारणी पहाटे सुरू होते, शेत लांब असते, गोदामातून चोरी होऊ शकते, अशा सगळ्या अडचणी मांडून झाल्यावर सोसायटीच्या गोदामातील एक खोली हंगामानंतर उरलेल्या औषधांसाठी द्यावी आणि तिच्या दोन चाव्या दोन वेगळ्या घरी असाव्यात, असे ठरले. कृषी सेवा केंद्राचे मालक सभेतच होते. उधारीवर घेतलेला माल फवारणीच्या दिवसापर्यंत दुकानातच ठेवायला ते स्वतःहून तयार झाले. हा उपाय मला कोणत्याही अहवालात सापडला नव्हता.

पोलीस पाटलांनी शेवटी विचारले, की प्रयत्न करून वाचलेल्या माणसाला घरचे लोक केसच्या भीतीने दवाखान्यात उशिरा नेतात, त्याचे काय करायचे. मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५ नुसार अशी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असेच गृहीत धरले जाते, तिच्यावर खटला चालवायचा नसतो आणि तिच्या उपचाराची व पुनर्वसनाची जबाबदारी सरकारवर आहे, हे मी समजावून सांगितले. ते वाक्य आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा चोवीस तास चालणारा मोफत क्रमांक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवायचे ठरले.

तालुक्याच्या बैठकीत मला पहिला प्रश्न आला, तो यादी कुठे आहे, हा. मी ठरावाची प्रत पुढे केली आणि हे गाव यादी देणार नाही, फक्त आकडा देईल, असे सांगितले. त्यावर बरीच वादावादी झाली. पुढच्या महिन्याचा तक्ता आला, तेव्हा त्यात कुटुंबप्रमुखाच्या नावाचा रकाना तसाच होता. आशाताईंनी तो रिकामा सोडला आणि शेजारच्या रकान्यात, उपकेंद्रापर्यंत आपल्याबरोबर आलेल्यांची संख्या म्हणून, चार लिहिले.