तुम्ही विचारलंत म्हणून: आजारी नटाला पत्रात काय लिहायचं?

"ताई, आमचे सर अंथरुणाला खिळलेत. पत्र लिहायला बसले, पण ‘लवकर बरे व्हा’च्या पुढे पेनच सरकत नाही. काय लिहू?"

वर्षातून चार-पाच वेळा तरी हा प्रश्न मला येतो. विचारणारे बहुतेक नाटकातले. ज्यांना लिहायचं ते त्यांचे जुने दिग्दर्शक, नाहीतर एके काळी ज्यांच्यासोबत दौरे केले असे नट. मलाच का विचारतात, तर सांगलीच्या माझ्या काकांना मी सहा वर्षं दर आठवड्याला पत्र घालत होते, हे आमच्या गोतावळ्यात सगळ्यांना माहीत आहे. आजवर फोनवर दोन वाक्यांत उत्तर दिलं. या वेळी नीट लिहिते.

काकांनी हौशी रंगभूमीवर हयात घालवली. अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. माझी पहिली पत्रं तुमच्यासारखीच होती. तब्येत कशी आहे, औषधं वेळेवर घ्या, काळजी करू नका. दोन महिन्यांनी काकू फोनवर म्हणाली, "अगं, तुझं पत्र वाचायला घेतलं की ते भिंतीकडे तोंड करतात." त्या रात्री मला झोप लागली नाही.

त्याच सुमारास इंग्रज कादंबरीकार चार्ल्स डिकन्सची पत्रं वाचत होते. त्यात विल्यम चार्ल्स मॅक्रीडी या नटाला लिहिलेली पत्रं आहेत, आणि काकांना कसं लिहायचं ते मी त्यांतूनच शिकले.

मॅक्रीडी एकोणिसाव्या शतकातला इंग्लंडचा फार मोठा नट. जन्म 3 मार्च 1793. शेक्सपिअरच्या नाटकांतले लिअर, मॅक्बेथ, हॅम्लेट या त्याच्या भूमिका. किंग लिअरमधला विदूषक लोकांनी दीडशे वर्षं कापून टाकला होता, तो 1838 मध्ये रंगमंचावर परत आणला तो यानंच. बोलता बोलता मध्येच क्षणभर थांबायची त्याची लकब इतकी गाजली की त्या विरामालाच त्याचं नाव पडलं. डिकन्सची नि त्याची ओळख 1837 ची. डिकन्स एकोणीस वर्षांनी लहान, पण मैत्री घरोब्याची. डिकन्सनं ‘निकोलस निकलबी’ त्याला अर्पण केली आणि 1839 मध्ये झालेल्या लेकीच्या नावातच ‘मॅक्रीडी’ घातलं. घरात तिला केटी म्हणत. हे नाव लक्षात ठेवा.

26 फेब्रुवारी 1851 ला मॅक्रीडीनं ड्रुरी लेन थिएटरात मॅक्बेथ केला आणि रंगभूमी सोडली. मग लंडनपासून लांब शेरबोर्नला जाऊन राहिला. पुढच्याच वर्षी बायको गेली. मुलं तर एकामागून एक गेली. 1860 मध्ये त्यानं दुसरं लग्न केलं आणि चेल्टनहॅमला बिऱ्हाड हलवलं. शरीर हळूहळू साथ सोडत गेलं. शेवटच्या काळात तर त्याला पुस्तकही हातात धरवेना.

मित्र त्याला काय लिहीत होते? मला सगळ्यात आवडतं ते पत्र आजारपणाच्या कितीतरी आधीचं आहे, 3 जानेवारी 1844 चं. मॅक्रीडी तेव्हा अमेरिकेच्या दौऱ्यावर होता. डिकन्स सुरुवातीलाच म्हणतो, बातम्या तुला ठाऊक आहेत, माझं तुझ्यावर प्रेम आहे हेही ठाऊक आहे, मग मी लिहितोय कशाला? नाटक संपल्यावर रंगपटात येऊन तुझा हात हातात घेतो तो तरी कशाला? आणि एवढं बोलून तो खरोखरच रंगपटाकडे निघतो. छोटं दार ढकलल्याबरोबर नाटकगृहाचा तो चमत्कारिक वास अंगावर येतो. तो वास बोळात घामाघूम झालेल्या एक्स्ट्रांच्या गर्दीतून डिकन्सच्या सोबतीनं चालतो, दोन पायऱ्या चढतो, रंगमंच ओलांडतो, प्रॉम्प्टरच्या बाजूच्या तिसऱ्या विंगेला वळसा घालतो आणि त्याला मॅक्रीडीपुढे नेऊन उभा करतो. मॅक्रीडी छातीभोवती गुंडाळलेलं काहीतरी सावकाश सोडवत बसलाय, आणि ते इतकं लांब आहे की त्याचं टोक काही दिसत नाही.

प्रयोगानंतर रंगपटात गेलेल्या कुणालाही हे चित्र परकं वाटणार नाही. पावडर, घाम, जुन्या कपड्यांचा कुबट वास. समुद्रापलीकडे एकट्या पडलेल्या नटाला त्याच्या मित्रानं त्याचं थिएटर पाकिटात घालून पाठवलं होतं.

नंतर मॅक्रीडी थकला, निवृत्त झाला, तरी डिकन्सची रीत बदलली नाही. जून 1861 चं पत्र बघा. ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ नुकतीच हातावेगळी झाली होती. चेहऱ्यातल्या शिरा ठणकत होत्या, हे तो एका वाक्यात सांगतो आणि पुढे जातो. पुढे काय, तर लंडनमधले खेळ. नायगरावर दोरीवरून चालणारा ब्लाँडिन क्रिस्टल पॅलेसमध्ये आलाय, तो मी पाहिला नाही, पाहणारही नाही. पण लेस्टर स्क्वेअरला लेओतारची झोक्यावरची कसरत मात्र पाहून आलो, आणि इतकी भयंकर नि इतकी देखणी गोष्ट आजवर पाहिली नव्हती. त्याला माहीत होतं की वाचणारा शरीर कमावलेला नट आहे. उडणाऱ्या माणसाचं शरीर कसं दिसत असेल हे त्याला डोळ्यांपुढे आणता येईल.

स्वतःचं दुखणं एका वाक्यात, ही गोष्ट मी जशीच्या तशी उचलली. अजिबात लपवू नये. आजाऱ्याशी सगळे फक्त धडधाकट चेहऱ्यानं बोलायला लागले की तो एकटा पडतो. पण पत्राचं पान त्यानं भरूही नये.

आणखी एक मित्र, कवी रॉबर्ट ब्राउनिंग. 1842 मध्ये मॅक्रीडीचा मुलगा विली खोकल्यानं आजारी होता. पोराला चित्रं काढायचा नाद. ब्राउनिंगनं त्याला ‘बरा हो’ असं म्हणण्याऐवजी चित्रं काढण्यासाठी एक गोष्टच कवितेत रचून दिली. गावातले उंदीर पुंगीच्या नादानं नदीकडे नेणाऱ्या हॅम्लिनच्या पुंगीवाल्याची गोष्ट, जी आपल्याकडेही पोराटोरांना ठाऊक असते. अंथरुणातल्या मुलाला काम मिळालं. ही हकीकत कळली त्या दिवशी काकांच्या पत्राचं कोडं मला अर्धं सुटलं.

मी नव्यानं लिहायला घेतलं. एका एकांकिकेचा प्रयोग पाहून आले होते. तिची पूर्ण हकीकत आंतरदेशीय पत्रात मावेना, म्हणून लिफाफ्यात चार पानं घातली. पडदा कसा उघडला, नायिकेनं पहिल्या प्रवेशात पाठ प्रेक्षकांकडे ठेवली होती, फोन वाजायच्या आधीच नटानं रिसीव्हर उचलला. तब्येतीचा शब्दही लिहिला नाही. काकू सांगते, वाचून झाल्यावर काकांनी डावा हात वर केला आणि तीन बोटं दाखवली. तिला कळेना. पाणी? गोळ्या? ते चिडले, पलंगाच्या लोखंडी दांड्यावर चमचा आपटायला लागले. एक ठोका, थोडं थांबून दुसरा, मग तिसरा. तेव्हा तिच्या डोक्यात प्रकाश पडला. तिसरी घंटा. प्रयोग वेळेवर सुरू झाला का, हे त्यांना विचारायचं होतं.

पुढच्या पत्राची पहिली ओळ मी लिहिली: काका, तिसरी घंटा बारा मिनिटं उशिरा झाली. काकू म्हणाली, संतापानं लाल झाले होते. त्यानंतर माझं एकही पत्र वाचताना त्यांनी भिंतीकडे तोंड केलं नाही.

मॅक्रीडीकडून डिकन्सला आलेल्या उत्तरांचं काय झालं, हेही सांगायला हवं. सप्टेंबर 1860 मध्ये डिकन्सनं गॅड्स हिलच्या घरामागच्या शेतात मित्रांची वीस वर्षांची पत्रं पेटवून दिली. मुलांनी त्या निखाऱ्यांत कांदे भाजले. त्यामुळे या मैत्रीचा बराचसा भाग आपल्याला एकाच बाजूनं ऐकू येतो. मला याची फार हळहळ वाटते.

शेवटच्या दोन पत्रांपाशी मी नेहमी रेंगाळते. 1869 साली डिकन्सची स्वतःची प्रकृती ढासळली होती. एप्रिलमध्ये डॉक्टरांनी त्याचा जाहीर पुस्तकवाचनांचा दौरा अर्ध्यावर थांबवला. आणि 18 ऑक्टोबरला तो मॅक्रीडीला काय लिहितो? पुढच्या उन्हाळ्यात तू आमच्याकडे येणार हे ऐकून सारं घर आनंदलंय. जागा तुला ओळखू येणार नाही, सध्या एक काचघर बांधतोय. नव्या पुस्तकाच्या कळा सुरू झाल्यात, ते वीस नव्हे, बारा भागांत निघेल. सत्तरी ओलांडलेल्या, खचलेल्या मित्राला तो पुढच्या उन्हाळ्याचं आमंत्रण अगदी खरं मानून लिहितो, आणि त्या काचघरात त्याच्यासाठी खुर्ची मांडून ठेवतो.

2 मार्च 1870 चं पत्र वाढदिवसाच्या आदल्या दिवशीचं. उद्या आमच्या जेवणाच्या टेबलावर तुझी आठवण निघेलच, पुस्तक बरं चाललंय, लेक मेरीला गोवर येऊन गेला, केटीची तब्येत छान आहे.

काचघर पुरं झालं. जूनच्या पहिल्या रविवारी रात्री उशिरापर्यंत डिकन्स तिथं केटीशी बोलत बसला होता. त्याच आठवड्यात, 9 जूनला, तो गेला. बारांपैकी सहाच भाग लिहून झाले होते. मॅक्रीडी त्या उन्हाळ्यात गॅड्स हिलला गेला नाही. तो आणखी जवळजवळ तीन वर्षं जगला आणि 27 एप्रिल 1873 ला चेल्टनहॅमला वारला. त्या शेवटच्या काळातली एक आठवण सांगतात. तो म्हणाला, मी हॅम्लेट वाचत होतो. हातात पुस्तक धरता येत नाही, मग वाचलं कुठं? त्यानं कपाळाला बोट लावलं. शब्द न् शब्द, विरामांसकट.

आगरकरांनी हॅम्लेटचं ‘विकारविलसित’ केलं ते 1883 मध्ये, आणि गणपतराव जोश्यांनी ती भूमिका महाराष्ट्रात अजरामर केली. काकांना त्यातली स्वगतं तोंडपाठ होती. वाचा गेल्यावर दुपारी त्यांचे ओठ हलत असायचे, ते काय म्हणत असावेत याचा काकूला नि मला दोघींनाही अंदाज होता.

तर आता तुमच्या सरांचं. शेवटचं पाहिलेलं नाटक कुठलं? ते लिहा. दुसऱ्या अंकात प्रकाशयोजना कुठं चुकली ते लिहा. तुम्ही स्वतः सध्या जे बसवताय त्यात कुठं अडलाय, ते त्यांना विचारा, आणि खरंच अडलेलं विचारा. तुमची कंबर दुखत असेल तर एक ओळ तीही. अक्षर मोठं काढा, कारण वाचून दाखवणाऱ्या माणसालाही चष्मा असतो. आणि पत्र आजच टाका. उत्तर कुठल्या रूपात येतंय ते घरच्यांना बघायला सांगा, चमचा आपटून सुद्धा येतं.