विमानाला शेवाळ दिसते, विष नाही

२ ऑगस्ट २०१४ रोजी अमेरिकेतील टोलेडो शहराने नागरिकांना बजावले की नळाचे पाणी पिऊ नका आणि ते उकळूही नका. पाणी उकळून पिण्याच्या संस्कारात वाढलेल्या आपल्यासारख्यांना यातली दुसरी सूचना चमत्कारिक वाटेल. परंतु शहराला पाणी पुरवणाऱ्या ईरी सरोवरातील निळ्या-हिरव्या शेवाळाचे मायक्रोसिस्टिन हे विष उकळल्याने नष्ट होत नाही, उलट पाणी आटते तसे त्याचे प्रमाण वाढते. चार लाखांहून अधिक लोकांची दोन-तीन दिवस बाटलीबंद पाण्यावर भिस्त होती.

असे शेवाळ वेळीच ओळखण्यासाठी नासाच्या ग्लेन संशोधन केंद्राने या सरोवरावर विमानातून हायपरस्पेक्ट्रल छायाचित्रण केले आहे. साधा कॅमेरा लाल, हिरवा आणि निळा एवढेच तीन पट्टे नोंदवतो, तर हा कॅमेरा चित्रातील प्रत्येक ठिपक्यासाठी अनेक अरुंद पट्ट्यांमधला प्रकाश मोजतो. नुसत्या हिरवेपणावरून काही सिद्ध होत नाही, कारण हरितद्रव्य निरुपद्रवी शेवाळातही असते. निळ्या-हिरव्या शेवाळात मात्र फायकोसायनिन हे आणखी एक रंगद्रव्य असते आणि ते ६२० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचा नारिंगी प्रकाश शोषते, त्यामुळे परावर्तनाच्या आलेखात तेथे एक खळगा पडतो. सारी भिस्त या खळग्यावर आहे.

हा पट्टा टिपणारा युरोपचा ‘मेरिस’ संवेदक एप्रिल २०१२ मध्ये एन्व्हिसॅट उपग्रहाबरोबरच बंद पडला आणि त्याचा वारसदार सेंटिनेल-३ फेब्रुवारी २०१६ मध्ये अवकाशात गेला. टोलेडोचे संकट नेमके या मधल्या काळातले. शिवाय मेरिसचा एक ठिपका ३०० मीटरचा, म्हणजे किनाऱ्यालगतचे पाणी आणि जमीन त्यात सहज एकत्र होत. विमान काही मीटरपर्यंतचा तपशील देते आणि ढगांच्या खालूनही उडू शकते.

अडचणी अर्थातच आहेत. पाणी मुळात काळसर असल्याने संवेदकापर्यंत पोहोचणाऱ्या प्रकाशात हवेने विखुरलेल्या प्रकाशाचा वाटा मोठा असतो आणि तो हिशेबाने वजा करावा लागतो. पृष्ठभागावरची चकाकी टाळण्यासाठी उड्डाणाची दिशा सूर्याकडे किंवा सूर्यापासून दूर ठेवतात. मला याहून महत्त्वाची वाटणारी मर्यादा वेगळीच आहे. मायक्रोसिस्टिनला स्वतःचा असा रंग नाही, आणि एकाच जातीच्या शेवाळाचे काही वाण विषारी असतात, तर काही नसतात. म्हणून बातम्यांमधली हिरव्या भोवऱ्यांची चित्रे म्हणजे विषाचा नकाशा नव्हे. त्याच दिवशी होडीने आणलेल्या नमुन्यांची प्रयोगशाळेत तपासणी झाल्याशिवाय त्यांना अर्थ नाही.

भारतातही इस्रो आणि नासा यांनी २०१५-१६ च्या हिवाळ्यात इस्रोच्या विमानातून ‘अव्हिरिस-एनजी’ या हायपरस्पेक्ट्रल संवेदकाने अनेक ठिकाणांचे चित्रण केले आणि त्यात ओडिशातील चिल्का सरोवरही होते. अशा मोहिमेतून वर्णपटांचा उत्तम संग्रह तयार होतो, पण तिला पाण्यावरची पाळत म्हणता येणार नाही, कारण वारा सुटला की शेवाळाचा थर एका दिवसात पाण्यात मिसळतो किंवा दुसऱ्या किनाऱ्याला लागतो. त्या पाळतीसाठी शेवाळाच्या हंगामात ठरावीक दिवसांनी पुन्हापुन्हा उड्डाणे करावी लागतात, आणि खर्चाचा प्रश्न खरा येतो तो तिथे.