रेतीची चव

जांभळी नाक्याच्या मंडईत गवार निवडणारा बिल्डर कुणी पाहिलाय का? मी बहुतेक रविवारी पाहतो, आमची इमारत बांधणाऱ्या काकांना. एकेक शेंग बोटांत धरून मोडायची, कट्‌ आवाज आला तर टोपलीत, नाही आला तर भाजीवालीच्या तोंडाकडे एक नजर. भाजीवालीला त्याची सवय झालीय. वय चौऱ्याऐंशी, पायात चामड्याची चप्पल, शर्टाच्या खिशात घडीची टेप. भाजीला जाताना टेप कशाला, असं मी एकदा विचारलं. ‘चष्मा कशाला घालतोस झोपताना, असं कुणी विचारतं का तुला?’ म्हणाले. मी झोपताना चष्मा घालत नाही, पण काकांशी वाद घालायची पद्धत आमच्या इमारतीत नाही.

गवार निवडता निवडता मागून हाक येते. ‘काका, मोरीतला नळ परत ठिबकतोय हो.’ इमारत उभी राहून चाळीस वर्षं होत आली. घर घेणाऱ्यांसाठी केलेल्या रेरासारख्या कडक कायद्यानंही बांधकामातल्या दोषांची जबाबदारी बिल्डरच्या गळ्यात पाचच वर्षं अडकवलीय. पण काका मान वळवून विचारतात, ‘दुसरा मजला ना? वॉशर नाही गेलेला, तुमच्या चिरंजीवांचा हात जड आहे. पाठवतो संध्याकाळी माणूस.’ आणि माणूस येतो. कधी माणूस मिळाला नाही तर पान्हा घेऊन स्वतःच येतात, चहाच्या वेळी.

आमची इमारत चरईत. तळमजला अधिक तीन, बारा बिऱ्हाडं, लिफ्ट नाही. १९८६ साली वडिलांनी इथे घर घेतलं तेव्हा ठाण्याची महानगरपालिका होऊन चार वर्षं झाली होती आणि घोडबंदर रोडला राहायला जाणाऱ्या माणसाला लोक ‘परत कधी येणार?’ असं विचारत. काकांनी उभ्या आयुष्यात इमारती बांधल्या पाच. पाचही मासुंदा तलावापासून चालत पंधरा मिनिटांच्या आत. धंदा वाढवायची संधी आली नाही असं नाही, नव्वदच्या दशकात त्यांच्या बरोबरीचे लोक घोडबंदरला गेले आणि मोठे झाले. काका गेले नाहीत. का, तर तिकडे बांधलं असतं तर रोज बघायला जाता आलं नसतं. मला वाटतं खरं कारण उलटं आहे. इथे त्यांना रोज बघणारे लोक होते. ज्याला तुम्ही घर विकलं तो मंडईत, कोपिनेश्वराच्या देवळात, गडकरी रंगायतनच्या मध्यंतरात वड्याच्या रांगेत पुढ्यात येणार असेल, तर सिमेंटमध्ये हात आखडता घ्यायची हिंमत कशी होईल?

स्वतःसाठी त्यांनी तिसऱ्या मजल्यावरचं, गच्चीखालचं घर ठेवलं. तेव्हा वरचा मजला कुणाला नको असे, विकला जाईना म्हणून ठेवलं, असं माझी आई अजूनही म्हणते. काका म्हणतात, ‘गळलं तर पहिला थेंब माझ्या आमटीत पडू दे.’ दोन्ही खरं असावं.

जागा मोजण्याच्या बाबतीत त्यांचं एक वाक्य आमच्याकडे घरोघरी पाठ आहे. कार्पेट एरियाला मराठीत चटई क्षेत्र म्हणतात, हे सरकारी मराठीचं एक गोड काम. इतर बिल्डर सुपर बिल्टअप नावाखाली जिना, पॅसेज, गेट, जमल्यास समोरचं गुलमोहराचं झाडही गिऱ्हाइकाच्या चौरस फुटात धरत होते, तेव्हा काका टेप काढून भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजून दाखवत. ‘चटई जिथे अंथरता येते तेवढंच तुमचं. भिंतीत झोपणार आहात का?’ आता कायद्यानंच चटई क्षेत्रावर विक्री सक्तीची केली, तेव्हा काकांना आनंद व्हायला हवा होता. त्यांनी व्याख्या वाचली. बाहेरच्या भिंती वगळल्या आहेत, पण घराच्या आतल्या भिंतींची जाडी त्यात धरलीय. ‘म्हणजे थोडी चटई भिंतीत अंथरावीच लागणार,’ म्हणाले आणि पेपर घडी करून ठेवला.

मी आठ वर्षांचा असताना दर रविवारी वडील मला चालू काम बघायला न्यायचे. त्यातलं एकच चित्र अजून स्पष्ट आहे. मुंब्र्याच्या रेतीबंदरावरून ट्रक आलेला, रेती ओली, काळपट. काकांनी ढिगात कोपरापर्यंत हात घातला, आतली मूठभर काढली, दोन तळव्यांत चोळली, तळहात उघडून बघितले. मळकट डाग राहिला की माती जास्त. मग एक चिमूट चक्क जिभेवर ठेवली. दोन क्षण डोळे मिटले. थुंकले आणि ड्रायव्हरला म्हणाले, ‘घेऊन जा परत.’ घरी येऊन मी आईला सांगितलं की आपले बिल्डर माती खातात. आईने चिंतेने वडिलांकडे पाहिलं, कारण आमचे सगळे पैसे त्या माणसाकडे होते.

खाडीची रेती खारट. नीट धुतली नाही तर मीठ काँक्रीटमध्ये जातं, आतली सळई गंजते, गंज फुगतो आणि वरचं काँक्रीट पापुद्र्यासारखं सुटतं. आपल्याकडे त्या काळातल्या कितीतरी इमारतींचे कॉलम आज उघडे पडलेत, त्यात या मिठाचा वाटा मोठा. मोठी मंडळी नमुना प्रयोगशाळेत पाठवत. काकांची प्रयोगशाळा तोंडात होती, रिपोर्ट लगेच मिळायचा.

धंद्यात ‘स्लॅब पडला’ ही शुभवार्ता असते. काँक्रीट ओतून झालं की नारळ फुटतो, कामगारांना जिलेबी मिळते आणि गिऱ्हाइकाला पुढच्या हप्त्याचा निरोप जातो. खरं काम त्यानंतर सुरू होतं, ते म्हणजे पाणी. स्लॅबवर बुटके बांध घालून आळी करायची, त्यात पाणी साठवून ठेवायचं, कॉलमला गोणपाट गुंडाळून ते ओलं ठेवायचं. पुस्तकात किमान सात दिवस लिहिलेत. काका पंधरा दिवस धरत. एका वर्षी स्लॅब पडला वसुबारसेला आणि कामगार दिवाळीला गावी गेले. नरकचतुर्दशीच्या पहाटे काकू उटणं कालवून बसल्या, पोरं कारीट घेऊन दारात उभी, आणि घरचा कर्ता पुरुष गायब. दोन गल्ल्या पलीकडे, बनियनवर, अंगाला तेल चोपडलेलं, हातात रबरी पाइप. ‘मला सवत आणली ती सिमेंटची,’ हे काकू तेव्हापासून प्रत्येक दिवाळीत ऐकवतात.

यावरून काका साधुसंत होते असं कुणी समजू नये. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे व्यवहारात पांढऱ्याबरोबर काळंही होतं, आणि काका त्यात सोवळ्यात नव्हते. पण आजीच्या ऑपरेशनमुळे वडिलांचे शेवटचे अकरा हजार तटले, तेव्हा त्यांनी किल्ली हातात दिली आणि म्हणाले, ‘जमेल तसे द्या.’ चौदा महिने लागले. ना चिठ्ठी, ना व्याज. शब्दाचा पक्का, कागदाचा मात्र कच्चा माणूस.

हा कच्चेपणा आम्हाला चांगलाच भोवला. फ्लॅटविक्रीबद्दलच्या १९६३ च्या मोफा कायद्याखाली सोसायटी नोंदली गेली की चार महिन्यांत जमीन आणि इमारत तिच्या नावे करून द्यायची असते. आमची चार महिने सोडा, पंचवीस वर्षांतही झाली नाही. मूळ जमीनमालक वारले, वारसांची भांडणं लागली, आणि ‘माझी सही आत्ता घ्या, त्यांची कुठून आणू?’ यावर काकांनी दरवर्षीची सर्वसाधारण सभा काढली. शेवटी २००८ च्या दुरुस्तीने वाट निघाली होती तिनेच जायचं ठरलं: मानीव अभिहस्तांतरण, म्हणजे बिल्डरने करून दिलं नाही तरी सरकारदरबारी सोसायटीच्या नावे झालं असं मानायचं. हा शब्द आमच्या सेक्रेटरींना एका दमात म्हणता यायला तीन सभा गेल्या. अर्ज जिल्हा उपनिबंधकांकडे, आणि तो करायचा बिल्डरविरुद्ध. बिल्डर तर तिसऱ्या मजल्यावरचा सभासद! ठराव मांडला गेला तेव्हा स्वतःविरुद्ध पहिला हात काकांनी वर केला. सुनावणीच्या दिवशी अध्यक्ष, सेक्रेटरी आणि काका, अर्जदार-जाबदार सगळे एकाच रिक्षात बसून गेले. भाडं काकांनी दिलं. ते सोसायटीच्या खर्चात टाकायचं की नाही यावर पुढच्या सभेत वीस मिनिटं गेली.

२०१३ च्या एप्रिलमध्ये शिळफाट्याजवळ सात मजली बेकायदा इमारत बांधतानाच कोसळली, ७४ माणसं गेली. त्यानंतर काही दिवस काका मंडईत दिसले नाहीत. लग्नकार्यात कुणी नवीन माणसाने काय करता विचारलं तर ‘बांधकामात होतो’ एवढंच म्हणत, बिल्डर म्हणत नसत. आणि ‘स्लॅब पडला’ हे शब्द मी त्यांच्या तोंडून पुन्हा ऐकले नाहीत. आता ते ‘स्लॅब भरला’ म्हणतात.

आमच्या समोरच्या प्लॉटवर सध्या टॉवर होतोय. काँक्रीट गोल फिरणाऱ्या गाडीतून तयार येतं, पंपाने वर जातं. काकांना आत जाऊन बघायचं होतं, पण वॉचमनने हेल्मेट आणि पास मागितला. गेल्या रविवारी मंडईतून येताना गेटबाहेर गिलाव्यासाठी टाकलेला क्रश सँडचा ढीग दिसला. खडी फोडून केलेली ती राखाडी रेती. काकांनी गवारीची पिशवी माझ्या हातात दिली, कोपरापर्यंत हात आत घातला, तळव्यांत चोळलं, आणि मी नको नको म्हणेपर्यंत चिमूट जिभेवर. डोळे मिटले. या वेळी जरा जास्तच वेळ.

‘काय?’ मी विचारलं.

‘चवच नाही रे हिला,’ म्हणाले, आणि थुंकायला जागा शोधू लागले. फुटपाथ नवा कोरा होता.