उटण्याच्या वासाची आंबेहळद

घरगुती लोणच्यांच्या माझ्या धंद्यात आंबेहळदीचे दिवस मोजकेच. पानं वाळली की थंडीत कंद काढतात, ताजा माल मिळतो तो तेव्हाच. त्या जानेवारीत सहा किलोचं पोतं आलं आणि दुसऱ्याच दिवशी एका लग्नघरी लोणचं पोचवायचं होतं.

पहिला कंद कापला, कैरीचा वास सुटला. आंब्याशी हिचं नातं तेवढंच. कूळ हळदीचं, चेहरा आल्याचा. चौथा कापला आणि एकदम नरकचतुर्दशीची पहाट आठवली. उटणं! उटण्यात घालतात तो कचोरा होता, हळदीच्याच कुळातला. बाहेरून तशाच वळ्या, आतून तसाच फिकट पिवळा, पण वास कापरासारखा उग्र. व्यापाऱ्याला फोन केला तर म्हणतो, "ताई, दोन्ही हळदच की."

मग एकेक कंद निवडणं आलं. नखाने साल खरवडायची, हुंगायचं, टोपलीत टाकायचं. तीसेक कंदांनंतर माझं नाक बधिर झालं. सगळ्यालाच कैरी, सगळ्यालाच कापूर. मदतीला येणाऱ्या मावशींना नेमकी त्याच दिवशी सडकून सर्दी. "नाक गेलं तर गेलं, जीभ आहे की," म्हणाल्या आणि प्रत्येक कंदाची चकती दाताखाली धरायला लागल्या. आंबेहळद आल्यासारखी लागते, फक्त झोंबत नाही. कचोरा कडू. कडू लागला की थू, चूळ, आणि कंद डाव्या टोपलीत. दुपारपर्यंत त्यांनी पाण्याची एक कळशी संपवली.

साडेतीन किलो हाती लागली. बाकीचं साध्या ओल्या हळदीने भरून काढावं असं मनात आलं होतं, खोटं कशाला बोलू? पण फोन करून कमी येईल म्हणून सांगितलं, पैसेही तेवढेच घेतले.

बारीक काड्या, हिरव्या मिरच्या, लिंबाचा रस, मीठ, मोहरीची डाळ. हिंग-मेथीची फोडणी पार गार झाल्यावरच वर घालायची. पहिल्या वर्षी मी गरमच ओतली होती, कैरी वाफेबरोबर उडाली आणि लोक विचारायला लागले, "आल्याचं लोणचं का हो?"

डाव्या टोपलीतल्या चकत्या मावशींनी गच्चीवर वाळत घातल्या. दिवाळीला त्याच कुटून उटण्यात घातल्या, आणि त्यातला एक पुडा मी त्या व्यापाऱ्याला नेऊन दिला.